बटरफ्लाय लव्हर्स, चिनी वाद्यवृंद आणि परवानगीचा एक कागद : माझा अनुभव

व्हायोलिन कॉन्सर्टो (एकल व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची रचना) चिनी वाद्यांसाठी बसवायचा असेल तर पहिलं काम परवानगीचं. स्वरलेखन, वाद्यांची वाटणी, तालमी हे सगळं त्यानंतर. आम्ही अर्ज अगदी सुरुवातीलाच टाकला होता. तरीही पत्र हातात पडेपर्यंत माझं सगळं स्वरलेखन संपून वादकांच्या प्रती छापायची वेळ आली होती. त्या काळात जो मनस्ताप झाला त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

मी सिंगापूरला राहते आणि व्हायोलिन वाजवते. इथल्या कम्युनिटी क्लबांमध्ये हौशी चिनी वाद्यवृंद असतात. ऑफिसातून थेट आलेली माणसं, निवृत्त अंकल-आंटी आणि शाळेतली मुलं संध्याकाळी एकत्र बसून वाजवतात. अशाच एका वृंदात माझी ओळख झाली आणि मी त्यांच्यासाठी छोटी-मोठी अरेंजमेंट (एका वाद्यासाठीची रचना दुसऱ्या वाद्यांसाठी लिहिणं) करून द्यायला लागले. आमचे संचालक, ज्यांना सगळे लाओशी, म्हणजे शिक्षक, म्हणतात, एकदा तालीम संपल्यावर म्हणाले, "तू तुझं व्हायोलिन घेऊन ये, बाकी सगळं आमचं. बटरफ्लाय लव्हर्स करू या."

ही रचना हअ चानहाओ आणि छन गांग या दोघांनी शांघायच्या संगीत महाविद्यालयात शिकत असताना केली. मे १९५९ मध्ये शांघायला ती पहिल्यांदा वाजली तेव्हा व्हायोलिनवर यू लीना होती, तीही विद्यार्थिनीच. मुलाच्या वेषात शिकायला गेलेली मुलगी, तिचा सहाध्यायी, घरच्यांनी दुसरीकडे ठरवलेलं लग्न, कबर आणि शेवटी दोन फुलपाखरं अशी ल्यांग आणि चू यांची जुनी कथा. सूर युए-च्यू या संगीतनाटकाच्या परंपरेतले. मूळ लेखन पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रासाठी, सुमारे २७ मिनिटांचं. चिनी वृंदाबरोबरही ही रचना अनेकदा वाजते. जोशुआ बेल यांनी सिंगापूर चायनीज ऑर्केस्ट्राबरोबर केलेलं ध्वनिमुद्रण २०२३ मध्ये आलं आहे, ते जरूर ऐका.

आता परवानगी. दोन्ही रचनाकार १९३०च्या दशकात जन्मलेले. स्वामित्वहक्क सिंगापुरात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं चालतो, भारतात ६०, चीनमध्ये ५०. कुठल्याही देशाचा हिशेब लावा, ही रचना अजून बरीच वर्षं हक्काखालीच राहणार. एकोणिसाव्या शतकातल्या मेंडेलसोनचा कॉन्सर्टो घेतला असता तर हा प्रश्नच आला नसता. इथे बऱ्याच हौशी मंडळांचा गोंधळ होतो, म्हणून नीट सांगते. रचना जाहीर कार्यक्रमात वाजवण्याचा हक्क वेगळा आणि ती बदलून दुसऱ्या वाद्यांसाठी लिहिण्याचा हक्क वेगळा. पहिला परवाना ठरलेली फी भरली की मिळतो, आम्हालाही सहज मिळाला. दुसरा देणं पूर्णपणे हक्कधारकाच्या मर्जीवर असतं आणि त्यासाठी थेट प्रकाशकाकडे किंवा त्याच्या प्रतिनिधीकडे जावं लागतं.

आम्ही ज्या प्रतिनिधी संस्थेकडे गेलो तिचं नाव घेत नाही. त्यांचा अर्ज ऑनलाइन होता. कार्यक्रमाची तारीख, सभागृहाची आसनसंख्या, तिकिटाचा दर इथपर्यंत सगळं सुरळीत. मग आला रकाना 'नव्या अरेंजमेंटमधील वाद्ये'. त्यात यादी उघडायची आणि निवडायचं : फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बासून, हॉर्न, ट्रम्पेट, व्हायोलिन एक, व्हायोलिन दोन. अरहू (गजाने वाजवायचं दोन तारांचं वाद्य) नाही, पीपा (छेडायचं तंतुवाद्य) नाही, शंग (नळ्यांचं फुंकवाद्य) नाही, एकही चिनी वाद्य नाही. चिनी संगीताचे हक्क सांभाळणाऱ्यांच्या यादीत चिनी वाद्यं नसावीत याचं मला आजही आश्चर्य वाटतं. खाली 'इतर' असा एक चिंचोळा रकाना होता. त्यात अरहू, त्याची उंच आणि खर्जाची भावंडं गाओहू आणि चोंगहू, ल्यूछिन (छोटं, छेडायचं), पीपा एवढं लिहिलं की जागा संपायची. चोंगरुआन आणि दारुआन (छेडायची), यांगछिन (संतूरसारखं), गुचंग (आडवं, अनेक तारांचं), दीत्स (बासरी), शंग, स्वोना (सनईसारखं), ग्वान (पत्तीचं फुंकवाद्य) बाहेरच. मी 'सविस्तर यादी सोबत जोडली आहे' असं लिहून अर्ज पाठवला. तो 'अपूर्ण' असा शेरा लागून परत आला.

फोन केला. पलीकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, यादीतली जवळची वाद्यं निवडा ना." म्हणजे अरहूच्या जागी व्हायोलिन लिहायचं! मी नकार दिला. परवानगीच्या कागदावर व्हायोलिन लिहिलेलं आणि मंचावर अरहू, तर उद्या कोणीही बोट ठेवलं असतं. हा आग्रह मी धरला याचं मला आजही समाधान आहे. तुम्हीही धरा. अर्जात सोयीसाठी काहीही खोटं लिहू नका, कारण परवानगी त्या कागदातल्या शब्दांपुरतीच असते.

मग नवा प्रश्न आला : चिनी वृंदासाठीची आवृत्ती आधीच उपलब्ध आहे, ती भाड्याने का घेत नाही? प्रश्न रास्त होता आणि उत्तरही माझ्याकडे होतं. ती आवृत्ती पूर्ण ताकदीच्या व्यावसायिक वृंदासाठी. आमच्याकडे खर्जाचा स्वोना नाही, चोंगहू मोजकेच आणि शंग वाजवणारे त्याहून कमी. हे सगळं लिहून पाठवलं. त्यानंतर शांतता. मी ईमेल करायचे, आपोआप येणारं 'आपला संदेश मिळाला' असं उत्तर यायचं, बस्स. कित्येक आठवडे असे गेले. तालमींच्या तारखा पुढे ढकलता येत नव्हत्या, सभागृहाचे पैसे भरलेले होते. लाओशी दर शुक्रवारी विचारायचे, "आलं का?" आणि मला दर शुक्रवारी नाही म्हणावं लागायचं. त्यांचा आवाज कधी चढला नाही, पण अरहूवाल्या आंटी शेजारणीकडे बघून मान हलवायच्या ते मला दिसायचं. मध्येच कळलं की आमचं प्रकरण बघणारी व्यक्ती बदलली. नव्या व्यक्तीने पहिल्यापासून सगळं मागितलं, अगदी आसनसंख्येसकट. त्या रात्री मी लॅपटॉप बंद केला आणि दोन दिवस उघडला नाही, इतकी चिडले होते.

गाडी पुढे सरकली ती एका तक्त्यामुळे. माझी सगळ्यात महत्त्वाची सूचना हीच, अर्जासोबत पहिल्याच दिवशी असा तक्ता द्या. डाव्या बाजूला मूळ स्कोअरमधला (सगळ्या वाद्यांच्या एकत्र स्वरलिपीतला) प्रत्येक भाग, उजवीकडे तो कोणत्या वाद्याला दिला ते, आणि मध्ये बारचे (स्वरलिपीतल्या मात्रांच्या खंडांचे) क्रमांक. ओबोचा भाग ग्वानला. हार्पचा भाग यांगछिन आणि गुचंग यांच्यात वाटलेला. ट्रॉम्बोनचा भाग खर्जाच्या शंगला आणि दारुआनला. चेलो जसेच्या तसे. खाली एकच वाक्य : एकल व्हायोलिनच्या भागात एकाही स्वराचा बदल नाही. हे वाक्य त्यांना हवं होतं असं नंतर कळलं, कारण त्यांची काळजी एकल भागाचीच होती. ही काळजी रकान्यात कुठेही लिहिलेली नव्हती. लिहिली असती तर आमचे आणि त्यांचेही कितीतरी आठवडे वाचले असते. तक्ता वृंदाच्या लेटरहेडवर, लाओशींच्या सहीने गेला. पत्र आलं तेव्हा मी ट्रेनमध्ये होते. मोबाईलवर ते वाचलं आणि माझं उतरायचं स्टेशन केव्हा मागे गेलं ते कळलंच नाही.

आता संगीताकडे येते. या रचनेत व्हायोलिन जे लांब घसरे घेतं ते मुळात अरहूच्या वादनातून घेतलेले आहेत. ऑर्केस्ट्रातले व्हायोलिनवाले साधे वाजवतात आणि एकल व्हायोलिन एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरतं, म्हणून ते त्या मुलीच्या आवाजासारखं वेगळं उठून ऐकू येतं. तेच साथीला डझनभर अरहू बसवले की प्रत्येक जण सवयीने मींड घेणार, कारण अरहूला बोटपट्टीच नाही, बोट तारेवर अधांतरी असतं. मग एकल वाद्याचं वेगळेपण संपतं. मी अरहूच्या प्रतींवर ठिकठिकाणी 'सरळ' अशी खूण केली. पहिल्या तालमीत वादकांना ते रुचलं नाही. मग मी एकल भागातल्या दोन ओळी त्यांच्या घसऱ्यांसकट आणि त्यांच्याशिवाय वाजवून दाखवल्या. सगळ्यांना फरक कळला आणि त्यानंतर कोणाला सांगावं लागलं नाही.

दुसरी अडचण खालच्या सप्तकाची. व्हायोलिनची सगळ्यात खालची तार 'जी' या स्वराची. अरहूच्या तारा डी आणि ए, म्हणजे अरहू एका पंचमाने वर सुरू होतं. मधले स्वर त्याच्यावर नाहीतच. हे स्वर चोंगहूला द्यायचे, कारण त्याची खालची तार जीच असते. चोंगहू कमी असतील तर चोंगरुआनचा आधार द्या. छेडलेला स्वर लगेच विरतो, म्हणून रुआनला एकटं सोडू नका. हॉर्नचे लांब स्वर मात्र शंगवर फार सुरेख बसतात. त्यात श्वास आत घेतानाही सूर निघतो, त्यामुळे तो तुटत नाही.

गुचंगबद्दल एक राहिलं. एकवीस तारा, पण पाचच स्वरांत लावलेल्या. मधले स्वर घोडीच्या डाव्या बाजूला तार दाबून काढायचे. रचनेत षड्ज (सा) बदलतो तिथे एका वाद्याला ते झेपत नाही. आम्ही दोन गुचंग वेगवेगळ्या सुरांत लावून ठेवले आणि आमचे गुचंगवाले अंकल मध्ये नुसती खुर्ची फिरवायचे.

आमच्यातले बहुतेक जण पाश्चात्त्य स्वरलिपी वाचत नाहीत, ते ज्यानपू वाचतात. १ ते ७ आकडे, वरच्या सप्तकाला आकड्याच्या डोक्यावर टिंब, खालच्याला खाली टिंब, पानावर सुरुवातीला १=जी असं लिहिलेलं, म्हणजे सा कुठे आहे ते. सांगलीला लहानपणी भातखंडे पद्धतीने शिकलेल्या मला हे पहिल्या दिवसापासून घरचं वाटलं. तार सप्तकाला वर टिंब आणि मंद्राला खाली टिंब, आपल्याकडेही तसंच की! सगळ्या प्रती मी स्वतः ज्यानपूत उतरवल्या आणि त्यात चूक शोधायला लाओशींना कष्ट पडले, हे अभिमानाने सांगते. षड्ज बदलतो तिथे नवा सा लिहायचा की जुनाच ठेवून कोमल-तीव्र करायचे, हे संचालकांशी आधी ठरवून घ्या. आम्ही नवा सा लिहिला.

कबरीच्या प्रसंगात साथ जलद धावते आणि एकल व्हायोलिन तिच्यावरून संथ गातं. ही लकब चिनी संगीतनाटकातली. माझी सगळ्यात जास्त धास्ती इथे होती. आमच्या बानगू (छोटा ढोल) वाजवणाऱ्या अंकलनी माझ्या गजाकडे बघत हात चालवला आणि पहिल्याच तालमीत ते जमलं. त्यांनी तरुणपणी नाटकमंडळीत वाजवलेलं होतं. कार्यक्रम छान झाला.

आठवलं तसं सांगते : दीत्सवाल्यांना मधे बासरी बदलावी लागते, तेवढे बार त्यांना मोकळे ठेवा. स्वोनावाल्यांना मागच्या रांगेत बसवा. आणि अर्जात ध्वनिमुद्रणाचा रकाना रिकामा सोडू नका, ते करायचं असो वा नसो. आम्हाला मिळालेल्या पत्रात फक्त एका कार्यक्रमाची परवानगी आहे आणि ध्वनिमुद्रणाला मनाई. त्यामुळे वादकांच्या घरच्यांनी मोबाईलवर घेतलेले तुकडेही आम्हाला कुठे टाकता येत नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा वाजवायचं लाओशींच्या मनात आहे. त्याचा अर्ज मी कालच पाठवला, तक्त्यासकट.