वारा घालणाऱ्याचा घाम

परवा रात्री अडीच वाजता वीज गेली. मे महिन्यातलं नागपूर, त्यात नवतपा लागलेला. कूलर आचके देत थांबला आणि घर इतकं शांत झालं की वाळ्यातून टाकीत पडणारे थेंब मोजून घ्यावेत. कपाटामागे अडकवलेला ताडाच्या पानाचा पंखा काढला आणि स्वतःलाच वारा घालत बसलो.

हातपंख्याचा हिशेब काही जुळत नाही. येतो तो वारा गार लागतो खरा, पण तो आणायला हात हलवावा लागतो आणि त्या हलवण्याने अंग तापतं. या धंद्यात नफा एकाच परिस्थितीत आहे: हात दुसऱ्याचा असेल तर. आमच्या आजोबांना हे पक्कं ठाऊक होतं. दुपारी जेवून ते ओसरीवर आडवे झाले की नातवंडांची पाळी लागायची. प्रत्येकाने शंभर वेळा पंखा हलवायचा, मग पुढचा. आम्ही सदतीसवरून सरळ त्रेपन्नावर उडी मारायचो. आजोबा डोळे न उघडता म्हणायचे, "अडतीस."

गेले काही दिवस जुन्या चीनमधले उन्हाळे वाचतोय. बाहेर पंचेचाळीस अंश असताना दुसऱ्यांचे उन्हाळे वाचायला बरे वाटतात. त्यात डिंग हुआन नावाचा एक कारागीर भेटला. हान राजवटीतला, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचा, राजधानी छांगआनचा. त्याने सात चाकांचा एक पंखा बनवला. एकेक चाक एक 'झांग' व्यासाचं, म्हणजे आपल्या मापाने सात-साडेसात फूट. सातही चाकं एकमेकांना जोडलेली. जुनी नोंद एवढंच सांगते की एक माणूस ते फिरवायचा आणि भरलेल्या दिवाणखान्याला हुडहुडी भरायची.

दिवाणखान्याला भरली असेल. त्या एका माणसाला काय भरलं, हे नोंदीत नाही. साडेसात फुटी सात चाकं! डिंग हुआनचं नाव टिकलं, चाकांचं माप टिकलं, फिरवणारा 'एक माणूस' एवढाच उरला. तेव्हापासून मी ज्या गारव्याबद्दल वाचतो त्यात आधी या माणसाला शोधतो. आणि तो सापडतोच.

बर्फाचंच घ्या. चीनचा बर्फाचा नाद फार जुना. झोऊ राजवटीच्या कारभाराचं वर्णन करणाऱ्या ग्रंथात बर्फाचं एक स्वतंत्र खातं आहे. अधिकारी दोन, कोठारवाले दोन, कारकून दोन, मुकादम आठ, आणि प्रत्यक्ष काम करणारे गडी ऐंशी. (सरकारी खातं म्हणावं तर हे प्रमाण फारच चांगलं आहे.) हिवाळ्याच्या ऐन कडाक्यात, बाराव्या महिन्यात त्यांनी बर्फ तोडायचा, आणि तोही लागेल त्याच्या तिप्पट. उन्हाळा येईपर्यंत तिघांतला एकच वाटा शिल्लक राहणार, हे गृहीत धरूनच. एवढा प्रामाणिक अंदाजपत्रकी आकडा मी दुसरा पाहिलेला नाही.

त्या काळच्या एका लोकगीतात बर्फ फोडल्याचा आवाजही राहून गेलाय: छुंग, छुंग. हिवाळा संपता संपता तो बर्फ जमिनीखालच्या गार कोठारात जायचा. असं एक कोठार फंगशियांगला उत्खननात सापडलं, छिन राज्याच्या जुन्या राजधानीत. सुमारे 190 घनमीटर बर्फ त्यात मावायचा. आपल्याकडे उन्हाळा टँकरमध्ये मोजतात, तर दहा हजार लिटरचे एकोणीस टँकर झाले. वितळलेलं पाणी बाहेर काढायला खाली मोरीही होती. म्हणजे त्यांनी हिवाळा शब्दशः पुरून ठेवला होता आणि तो झिरपणार हेही त्यांना माहीत होतं.

हा पुरलेला हिवाळा शेवटी कुठे पोचायचा ते 1978 साली कळलं. हुबेई प्रांतात सुईझोऊजवळ झंग राज्याच्या यी नावाच्या अधिपतीची कबर उघडली. इसवी सनपूर्व 433च्या सुमाराची. त्यात कांस्याची दोन चौकोनी भांडी मिळाली, एकाच्या पोटात दुसरं बसेल अशी. आतल्यात मद्य, दोन्हींच्या मधल्या जागेत बर्फ. आतलं भांडं डगमगू नये म्हणून तळाशी आकडे, त्यांतल्या एकाला आपोआप अडकणारी खिटी. उंची दोन फुटांच्या थोडी वर, पण वजन सुमारे 170 किलो. लांब दांड्याच्या पळीने मद्य काढायचं. फोटो बघताना मला आमच्या घरातला पहिला फ्रीज आठवला. तोही चौघांनी जिना चढवला होता आणि वडील पुढे चालत 'सांभाळून, सांभाळून' म्हणत होते. फ्रीजसोबत वडिलांना कोणी पुरलं नाही हा एक फरक. यीच्या कबरीत मात्र एकवीस तरुणींचे सांगाडेही निघाले. तिथून पुढे मला त्या भांड्याची नक्षी नीट बघवली नाही.

पण सगळ्यात आवडली ती थांग राजवटीतली गोष्ट. सम्राट शुआनझोंगने (राजवट 712 ते 756) एक गार महाल बांधला. खर्च डोळ्यांवर येणारा होता. छन नावाच्या एका अधिकाऱ्याने सडेतोड अर्ज लिहिला: महाराज, हे बरं नव्हे. ऐन उन्हाळ्यात सम्राटाने त्याला भेटीला बोलावलं, त्याच गार महालात. सम्राटाच्या आसनामागे पाण्याच्या जोरावर फिरणारी पंख्याची चाकं, कपडे फडफडतील असा वारा. वर पाहावं तर ऊन दिसत नाही. चारी कोपऱ्यांतून पाण्याचे पडदे कोसळतायत. छनला बसायला दगडी आसन दिलं. वर बर्फाचा चुरा घातलेलं पेय आलं. आता सम्राटाने दिलेलं नको कसं म्हणणार? प्यायला बिचारा. अंगावर काटा आला, पोटात ढग गडगडू लागले. येतो महाराज, म्हणाला. परवानगी नाही. पुन्हा म्हणाला. नाही. समोर सम्राट बसलाय आणि तो अजून घाम पुसतोच आहे! शेवटी कधीतरी सुटका झाली. छन कसाबसा दरवाजापर्यंत पोचला आणि तिथेच, सभ्य भाषेत सांगायचं तर, अर्जाचा निकाल लागला. सावरायला एक दिवस गेला. मग सम्राटाने ऐकवलं: मुद्दा मांडताना नीट विचार करत जा, स्वतःवरून सम्राटाला मोजू नकोस.

खरी असो-नसो, ही गोष्ट ज्याने लिहून ठेवली त्याला माणूस कळला होता. खर्चाबद्दल बोलणाऱ्याचं तोंड बंद करायला तुरुंग लागत नाही, सरबतही पुरतं. आणि हो, इथे चाकं पाणी फिरवतंय. डिंग हुआनच्या त्या एका माणसाला सुट्टी मिळाली म्हणून मी खूश झालो होतो. मग लक्षात आलं, चारी कोपऱ्यांतून कोसळणारं पाणी आधी वर चढवलं कोणी?

बर्फाने सम्राटांनाही सोडलं नाही. सुंग घराण्यातला शियाओझोंग बाराव्या शतकात आपल्या दरबाऱ्याला सांगतो की बर्फाचं पाणी जास्त प्यायलो आणि पोट एकदम बिघडलं, नशिबाने लगेच बरं वाटलं. तोवर बर्फ बाजारात आला होता. 1127पूर्वी सुंगांची राजधानी असलेल्या काईफंगमध्ये उन्हाळ्यात निळ्या कापडी छत्र्यांखाली दुकानं लागायची. साखर घातलेले मूग, ज्येष्ठमध घातलेलं बर्फाचं पाणी, लिचीचा मुरंबा. ज्येष्ठमध वाचून मी थबकलो. आमच्याकडे तो घसा बसला की चघळायला देतात. म्हणजे घसा बसवणारं आणि बसलेला घसा उघडणारं एकाच पेल्यात! पुढे पेकिंगमध्ये तर छिंग राजवटीत उन्हाळ्याच्या ऐन भरात कचेऱ्यांना बर्फाच्या चिठ्ठ्या वाटायचे, ती दाखवून आपला बर्फ आपण घेऊन जायचा. रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्याला पुढचं सांगायला नको.

ज्यांना चिठ्ठी नव्हती त्यांच्याकडे विहीर होती. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा छाओ पी, पुढे राजा झालेला, मित्राला लिहिलेल्या पत्रात जुन्या सहलीची आठवण काढतो: झऱ्यात गोड खरबुजं तरंगत ठेवलेली, गार पाण्यात लाल आलुबुखार बुडवलेले. काय तरंगतं आणि काय बुडतं याकडे लक्ष देणारा माणूस मला विश्वासाचा वाटतो. आमच्याकडे आंबे बादलीत असतात. खायच्या आधी तासभर, 'उष्णता निघते' म्हणून. लहानपणी पहिला बुडलेला आंबा कोणाचा यावर मारामाऱ्या व्हायच्या.

आणि रात्री? रात्रीसाठी त्यांच्याकडे 'बांबूबाईसाहेब' होत्या. बांबूच्या पट्ट्यांचा विणलेला, आतून पोकळ, माणसाएवढा लांब नळा. गादीवर घ्यायचा, त्यावर हात-पाय टाकून झोपायचं, मधून हवा खेळते. चिनी नाव खरंच तसं आहे, बांबूची पत्नी, तेही आदरार्थी. हुआंग टिंगजियान या सुंगकालीन कवीला ते पटलं नाही. हात टेकवणं, गुडघे विसावणं हे काही पत्नीचं काम नव्हे, असं म्हणून त्याने तिचं नाव बदलून ठेवलं 'हिरवी दासी'. मोठा कवी, अक्षरही सुंदर होतं म्हणे. पण बघा, निर्जीव बांबूसुद्धा गारवा द्यायला लागला की त्याला नोकरीच लागते.

आपल्या नवतप्यासारखं त्यांच्याकडे 'फू' असतं. जुलैच्या मध्यापासून तीन टप्पे, मिळून तीस किंवा चाळीस दिवस. फू म्हणजे दबून पडून राहणं. ते अक्षर लिहितात एक माणूस आणि त्याच्या शेजारी एक कुत्रा असं. आमच्या गल्लीत दुपारी बरोबर हेच अक्षर पडलेलं असतं, रिक्षाच्या सावलीत.

हान सम्राट वू फूच्या दिवशी दरबाऱ्यांना मांस वाटायचा. एका वर्षी वाटणारा अधिकारी दिवस कलला तरी आला नाही. सगळे उकाड्यात ताटकळत. तेव्हा डोंगफांग शुओ नावाच्या दरबाऱ्याने सरळ तलवार उपसली, आपला वाटा कापला, 'फूच्या दिवशी लवकर घरी जावं' म्हणाला आणि मांस काखोटीला मारून चालता झाला. दुसऱ्या दिवशी जाब विचारला गेला. शुओने टोपी उतरवून माफी मागितली. सम्राट म्हणाला: ऊठ आणि स्वतःची कानउघाडणी कर. शुओ उभा राहिला. "शुओ, शुओ! हुकूम यायच्या आधीच घेतलंस, किती उद्धट! तलवारीने कापलंस, किती शूर! फार कापलं नाहीस, किती निर्लोभी! घरी बायकोला नेऊन दिलंस, किती प्रेमळ!"

सम्राट हसला. कानउघाडणी करायला सांगितली तर स्वतःची स्तुती करून घेतो, म्हणाला, आणि बायकोला नेऊन दे म्हणून त्याला वर मद्य आणि शंभर जिन मांस दिलं.

शंभर जिन म्हणजे तेव्हाच्या मापाने सुमारे 25 किलो. ऐन फू. घरात बर्फ नाही. नवरा खुशीत दारातून हाक मारतोय. मी पंखा हलवत, एकोणचाळीस, चाळीस, तिचाच विचार करत होतो.