तुम्ही विचारलंत म्हणून: रानातल्याच पोरांना देवराईत कशाला नेता?

मुळशी तालुक्यातल्या एका छोट्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे मी, सहावी-सातवी माझ्याकडे. दर शनिवारी सकाळी पोरांना घेऊन देवराईत जाते, शाळेपासून 20 मिनिटांची वाट. पालकसभेत यावर हमखास एक प्रश्न येतो, की मॅडम, पोरं रानातच वाढलीत, गुरांमागं हिंडतात, त्यांना रान काय दाखवायचं, त्यापेक्षा गणित घ्या की.

प्रश्न बरोबर आहे. बेहडा, गेळा, अंजन, कुंभा सगळं ओळखतात पोरं, गारंबीचा वेल कुठनं कुठं गेलाय तेही पाठ आहे त्यांना. नावं शिकवायला मी नेतच नाही. पण नाव माहीत आहे म्हणून त्या झाडाकडे कधी थांबून बघितलंच नाही असं खूप होतं, आणि ते थांबणं मला हवंय.

उंबराचंच घ्या. महिनाभर दिसला नाही की "उंबराचं फूल झालास" म्हणतो आपण, कारण ते फूल कुणाला दिसत नाही. आमच्या देवराईत ओढ्याकाठी जुना उंबर आहे, खोडालाच घोस लागतात. एका शनिवारी खाली पडलेली फळं आणि थोडी कच्ची, अशी ब्लेडनं मधोमध कापली आणि सहा रुपयांचं भिंग दिलं पोरांच्या हातात. आत शेकडो बारीक फुलं दाटीवाटीनं! म्हणजे ज्याला आपण फळ म्हणतो तो फुलांचा बंद डबाच, आणि त्याला टोकाशी एक बारीक भोक. पिकलेल्यातनं केंबरं उडाली. केंबरं पोरांना नवीन नाहीत, आजीनं सांगितलेलं असतं उंबर फोडून फुंकर मारून खायचं. पण ती आत शिरली कशी हे कुणी विचारलं नव्हतं. मग सांगितलं, की ही एक चिमुकली गांधीलमाशी, मादी त्या भोकातनं आत घुसते, घुसताना पंख तुटतात, दुसऱ्या उंबरातनं आणलेले पराग फुलांना लागतात, ती तिथंच अंडी घालून मरते. पुढच्या पिढीतल्या नरांना पंखच नसतात, ते आतच जन्मतात आणि आतच संपतात, माद्या तेवढ्या पराग घेऊन बाहेर पडतात. माशी नाही तर उंबराला बी नाही आणि उंबर नाही तर माशीला घर नाही. पाच मिनिटं कुणी बोललं नाही. हे फळ्यावर चित्र काढून मी आधी दोन वर्षं शिकवलं होतं, तेव्हा असं काही झालं नव्हतं.

गणितही होतं हो. दुपारी नाही, सकाळीच, सावल्या लांब असताना. 1 मीटरच्या काठीची सावली 80 सेंमी आणि मोकळ्यावरच्या बेहड्याची 16 मीटर, तर बेहडा 20 मीटर. गुणोत्तर ज्यांना वहीत अडायचं ते काठी घेऊन पुढं असतात.

भीतीचं म्हणाल तर आहे, मला पण वाटते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही आमच्याकडे आहेत. बूट असल्याशिवाय नेत नाही, ढोलीत हात घालायचा नाही, मोहोळाखाली आवाज नाही, पावसात ओढ्याकडे जायचंच नाही. एकदा डिसेंबरात एक मुलगा खाजकुइलीत शिरला, अंग लाल, रडून रडून बेजार, एका आजींनी कोरडी राख चोळून दिली. त्या दिवशी वाट मी आधी बघून यायला हवी होती, आता आदल्या दिवशी जाऊन येतेच.

आणि देवराईच का, तर तिथं काडीसुद्धा उचलायची नाही हा गावाचाच नियम आहे, मला वेगळा सांगावा लागत नाही. कापायला उंबरं घेतली तीही आधी गुरवांना विचारून. बाकी काही आणायचं नाही म्हटल्यावर पोरं चित्रं काढतात, आणि चित्र काढायला नीट बघावंच लागतं. प्रत्येकाचं एक झाड ठरलेलं, दर शनिवारी 10 मिनिटं त्याच्याजवळ गप्प बसायचं, मग वहीत लिहायचं. 2020 च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला 10 दिवस दप्तराविना म्हटलेत, चांगलंच आहे, पण ते सुतार, माळी, कुंभारांकडे शिकायला. झाडाचं काम 10 दिवसांत होत नाही, त्याला सगळे ऋतू लागतात, आणि जागा तीच लागते. वर्षातनं एकदा बस करून नेलेली सहल म्हणजे हे नव्हे.

परवा सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, बाई, दत्ताच्या देवळापुढं तर एकच उंबर आहे, त्याच्याकडे माशी येते कुठनं? मग गावातले सगळे उंबर मोजायला घेतलेत आम्ही, नकाशा काढून. आत्तापर्यंत 11 झालेत, ओढ्यापलीकडचे राहिलेत.