जुन्या लॅपटॉपात पैसे घालावेत का? मालवणातला माझा अनुभव

लॅपटॉप 2018 चा. आय3, आठव्या पिढीचा प्रोसेसर, 4 जीबी रॅम आणि 1 टीबीची फिरती हार्डडिस्क. त्या काळात तीस-पस्तीस हजारात जे मिळायचं ते. आमचा होमस्टे आहे, तारकर्लीकडे जाताना लागतो, त्याचं बुकिंग, पाहुण्यांच्या आधारकार्डांच्या कॉप्या, सीझनला आंब्याच्या पेट्यांचा हिशोब, बायकोच्या बचत गटाचं टायपिंग आणि मुलीचे ऑनलाइन क्लास, सगळं ह्या एकाच डबड्यावर. गेमिंग नाही, व्हिडिओ एडिटिंग नाही. म्हणजे "सामान्य वापर" ज्याला म्हणतात ना तो आम्ही.

आणि गेल्या वर्षी पावसाच्या आधी तो इतका मंदावला की बटण दाबून आत जाऊन चहा टाकायचा, चहा पिऊन बाहेर यायचं तरी डेस्कटॉपवर गोल फिरतंय ते फिरतंयच. पाहुणा समोर बॅग घेऊन उभा आणि आम्ही "एक मिनिट हां, सिस्टीम जरा स्लो आहे".

पहिल्यांदा जिथे दाखवला त्या दुकानात लॅपटॉप उघडून बघायचीही तसदी घेतली नाही. "जुना झालाय, मदरबोर्ड वीक झालाय, ह्याच्यात पैसे घालू नका, एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या." मदरबोर्ड वीक म्हणजे काय विचारलं तर उत्तर नाही. नवीन बरा लॅपटॉप घ्यायचा म्हणजे चाळीस हजार तरी, तेही सीझन संपल्यावर, जेव्हा पुढचे चार महिने गल्ल्यात काही पडणार नसतं तेव्हा.

आतेभावाला फोन केला. तो पुण्याला आयटीत आहे पण बोलतो अजून गावच्यासारखाच. म्हणाला, "अरे नवीन कित्याक घेतंस, आधी टास्क मॅनेजर उघडून बघ काय अडकता तां." हा सल्ला मी आता सगळ्यांना देतो कारण फुकट आहे. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबायचं, परफॉर्मन्सवर जायचं आणि नेहमीचं काम करताना बघत बसायचं की सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम) आणि डिस्क ह्या तिघांपैकी कोण शंभर टक्क्यांना टेकतोय. माझ्याकडे सीपीयू वीस-पंचवीस टक्क्यांवर आरामात बसलेला, मेमरी नव्वदच्या आसपास आणि डिस्क कायमची 100 टक्के, काही न करता सुद्धा. म्हणजे ज्या प्रोसेसरला जुना जुना म्हणून सगळे नावं ठेवत होते तो बिचारा रिकामा बसून डिस्कची वाट बघत होता.

मग त्याने क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर टाकायला लावलं, ते डिस्कची तब्येत सांगतं. निळं असेल तर ठीक, पिवळं म्हणजे सावध. आमचं पिवळं. खराब झालेले सेक्टर (डिस्कवरचे बारके कप्पे) बाजूला काढून त्यांच्या जागी राखीव सेक्टर वापरलेत असा आकडा असतो त्यात, तो शून्य असायला हवा, आमचा नव्हता. आणि हे का झालं ते नंतर कळलं, बॅटरी! बॅटरी केव्हाची गेलेली, लॅपटॉप चार्जरवरच चालायचा, म्हणजे लाईट गेली की थाडकन बंद. आता कोकणात पावसात लाईट दिवसातून किती वेळा जाते ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको, तौक्ते आलं तेव्हा तर आमच्याकडे लाईट यायला किती दिवस लागले ते मोजायचंही सोडून दिलं होतं. चालू हार्डडिस्कची तबकडी मिनिटाला 5400 वेळा फिरत असते, लिहिता लिहिता वीज गेली की फाईली अर्धवट राहतात आणि रोज रोज असं झालं की डिस्कही खराब व्हायला लागते. बाहेरच्या लोकांनी लिहिलेल्या अपग्रेडच्या सल्ल्यांमध्ये बॅटरी फारशी कुठे नसते. मुंबई-पुण्यात नसेल गरज. इथे मी ती पहिल्या नंबरला ठेवेन, रॅमच्याही आधी.

कुडाळला एक दुरुस्तीवाले आहेत, साधी खोली, बाहेर बोर्ड पण धड नाही, त्यांच्याकडे नेला. त्यांनी मला समोर बसवून उघडला. मागच्या कव्हरचे स्क्रू गंजलेले, खारी हवा आपली, दोन स्क्रूंची डोकी तर गुळगुळीत झालेली, स्क्रूड्रायव्हर नुसता फिरायचा. त्यांनी ड्रॉवरमधून एक रुंद रबरबँड काढला, स्क्रूच्या डोक्यावर ठेवला, त्याच्यावरून स्क्रूड्रायव्हर दाबून हळूच फिरवला आणि निघाला की! मग एक जुनं प्लास्टिकचं कार्ड फटीत घालून कडेकडेने टक टक करत कव्हर सोडवलं. आत पंख्याच्या तोंडाशी, जिथून गरम हवा बाहेर पडते त्या तांब्याच्या पट्ट्यांवर, धूळ आणि दमट हवा मिळून राखाडी जाड थर बसलेला, चिमट्याने सोलल्यासारखा एका तुकड्यात निघाला. थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता पुढे नेणारा लेप, वाळून खडू झालेली. त्यांनी सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढला, मगच बाकीच्याला हात लावला (घरी करणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवा). बॅटरी मधोमध फुगलेली होती. टचपॅडचं क्लिक काही दिवस कडक लागत होतं ते ह्याच्यामुळे. फुगलेली बॅटरी वापरत राहणं म्हणजे आगीशी खेळ, ती टोचायची नाही, दाबायची नाही, कचऱ्यात टाकायची नाही, ई-कचऱ्यात द्यायची.

ते म्हणाले, "प्रोसेसर बरो आसा तुमचो, डिस्क मरतली आता. बॅटरी आधी बदला, मगे बाकीचा."

आता काय बदलता येतं आणि काय नाही हे पण तिथेच कळलं. आमच्यासारख्या लॅपटॉपचा प्रोसेसर बोर्डाला कायमचा चिकटवलेला असतो, ग्राफिक्सचं पण तेच, त्यामुळे "प्रोसेसर बदलून देतो" असं कोणी म्हणालं तर उठून यावं. रॅमचं लॅपटॉपनुसार वेगळं. आमच्यात 4 जीबी बोर्डावरच सोल्डर केलेली आणि शेजारी एक स्लॉट रिकामा, म्हणजे 8 जीबीची एक पट्टी घातली की 12. काही बारीक लॅपटॉपात सगळीच रॅम सोल्डर असते, तिथे विषयच संपला. डीडीआर3एल आणि डीडीआर4 हे रॅमचे प्रकार एकमेकांच्या जागी बसत नाहीत, खाचच वेगळ्या जागी असते, म्हणून ऑनलाइन मागवायच्या आधी आपली कुठली ते बघा, टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं, प्रकारासाठी सीपीयू-झेड नावाचं सॉफ्टवेअर टाका.

डिस्कच्या जागी एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) हे तर ठरलेलंच होतं. हार्डडिस्कला प्रत्येक छोट्या फाईलसाठी आतला दांडा सरकवून योग्य जागी न्यावा लागतो, गर्दीच्या एसटीत कंडक्टरने पहिलं तिकीट पुढच्या सीटचं, दुसरं मागच्या बाकाचं, तिसरं परत पुढचं काढावं तसं. विंडोज सुरू होताना अशा हजारो बारक्या फाईली वाचतं. एका फेरीला दहा-पंधरा मिलिसेकंद, एसएसडीला एक मिलिसेकंदही लागत नाही कारण आत हलणारं काही नाहीच. मोठी फाईल कॉपी करताना फरक साधारण पाचपट दिसेल, हार्डडिस्क सेकंदाला शंभरेक एमबी आणि साधी साटा एसएसडी (हार्डडिस्कच्याच जुन्या जोडणीवर चालणारी) पाचशेच्या वर, पण खरा फरक त्या बारक्या फाईलींत आहे आणि तो आपल्याला रोज जाणवतो.

आमच्या बोर्डावर एम.2 चा स्लॉट (पट्टीसारखी छोटी एसएसडी बसवायची जागा) रिकामा निघाला आणि त्यात एनव्हीएमई, म्हणजे जास्त वेगवान जातीची एसएसडी, चालते असं त्यांनी मॉडेल नंबरवरून बघून सांगितलं, हे बघायलाच लागतं कारण काही जुन्या बोर्डांवर स्लॉट दिसतो पण साटावालीच चालते. एनव्हीएमई कागदावर कितीतरी पट जास्त वेगवान आहे. पण खरं सांगू, मुलीच्या मैत्रिणीकडे साध्या साटावर केलेला लॅपटॉप आहे, एक्सेल आणि क्रोम उघडताना दोघांत मला काडीचा फरक दिसला नाही. किंमत जवळपास सारखी होती म्हणून घेतली इतकंच.

512 जीबीची एसएसडी, रॅमची पट्टी, बॅटरी, साफसफाई, पेस्ट आणि मजुरी मिळून नऊ हजारांच्या आत पडलं.

लोक स्क्रूला घाबरतात, पण डोकेदुखी खरी तिथे नाहीच, ती नंतर सुरू होते. डिस्क जशीच्या तशी क्लोन करता येते, पण आमची आजारी, खराब सेक्टर आला की क्लोनिंग अडकायचं. म्हणून विंडोज नवीन टाकायचं आणि डेटा हाताने उतरवायचा असं ठरलं. विंडोजच्या लायसन्सची चिंता नव्हती, ते मदरबोर्डाशी जोडलेलं असतं, डिस्क बदलली तरी नेटला लावल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होतं. पुन्हा विकत घ्या म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज उतरवलं की झालं. एक गोष्ट मात्र आधी बघा, डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (डिस्कवरच्या डेटाला विंडोजचं कुलूप) चालू आहे का. असेल तर रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटवर जाऊन लिहून ठेवा, ती नसेल तर जुन्या डिस्कवरचं काहीच दुसरीकडे उघडणार नाही.

फोटो उतरवायला रात्रच्या रात्र गेली, मध्येच एखाद्या फोल्डरवर डिस्क कर्रकट्ट करत थांबायची, तो सोडून पुढे. किल्ल्यावर काढलेले थोडे फोटो गेले, हिशोब सगळा वाचला.

आणि मग फॉन्ट! बायकोचं सगळं टायपिंग युनिकोडच्या आधीच्या जुन्या मराठी फॉन्टात. मेनूकार्डाची फाईल उघडली तर सुरमई फ्रायच्या जागी कंस, टक्के आणि डॉलरची रांग. ती माझ्याकडे बघतेय, मी स्क्रीनकडे. जुन्या डिस्कच्या विंडोजमधल्या फॉन्टच्या फोल्डरातून ते फॉन्ट शोधून कॉपी केले तेव्हा सुरमई परत आली, पण टाइप करायचं सॉफ्टवेअर परत टाकायला लागलं आणि त्याची की कुठल्या वहीत लिहिलीय ते शोधण्यात एक अख्खी दुपार. तुमच्याकडे टॅली असेल, डिजिटल सिग्नेचरचा टोकन असेल, जुना प्रिंटर असेल, तर डिस्क काढायच्या आधीच काय काय लागणार ते कागदावर लिहा. दुकानवाला विंडोज टाकून देतो, हे कोणी टाकून देत नाही.

फरक? बटण दाबल्यावर खुर्चीत नीट बसेपर्यंत चालू. रॅमचा फरक त्या मानाने कमी. व्हॉट्सॲप वेब, बुकिंगची साइट, एक्सेल आणि मुलीचा क्लास एकत्र चालतात, आधी क्लास सुरू झाला की बाकीचं बंद करायला लागायचं. पण नुसतं एक्सेल आणि मेल करणारा माणूस असेल आणि 8 जीबी आधीच असेल तर 16 करून हातात काही येणार नाही. आता तर रॅमचे भाव एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी इतके चढवलेत की मी घेतली तेव्हाच्या भावात ती पट्टी आज मिळायची नाही. म्हणून आधी मेमरीचा टक्का बघा. भरत नसेल तर रॅम विसरा.

हे बघून दादाने स्वतःचा लॅपटॉप आणला, "माझा पण करून दे". त्याचाही 2018 चाच, त्याचाही आय3, दिसायला माझ्यासारखाच, फक्त आतमध्ये सातव्या पिढीचा प्रोसेसर. आणि इथेच गंमत आहे. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज 11 च्या यादीत इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर आहेत. माझ्यावर विंडोज 11 बसलं, फक्त बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन टीपीएम ही सुरक्षेची सोय चालू करायला लागली. दादाच्यावर रीतसर बसत नाही, कितीही एसएसडी घाला. एकाच वर्षी, जवळपास एकाच किमतीला घेतलेले दोन लॅपटॉप आणि एकात पैसे घालणं शहाणपणाचं, दुसऱ्यात विचार करायला लावणारं.

दादाला मी सांगितलं की विंडोज 10 ला सिक्युरिटी अपडेट एक वर्ष वाढवून मिळतात, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत, मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्ज सिंक केल्या की फुकट, तेवढं कर. बँकेचं काम करतोस त्यामुळे त्या तारखेच्या पुढे विंडोज 10 वर राहू नको. एसएसडी घाल, कारण ती नंतर काढून यूएसबीच्या केसमध्ये घालून वापरता येते, पैसे पाण्यात जात नाहीत. रॅम घालू नको, जुन्या पट्टीला पुढच्या लॅपटॉपात जागा नसेल. बॅटरी त्याची बरी आहे. पुढे विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम टाकून देईन म्हणालो, ब्राउझर आणि मेलला भरपूर झालं, तर वहिनी म्हणाली, "माझा पीएफचा फॉर्म त्याच्यावर उघडतला काय?" ते अजून बघायचंय, पेनड्राइव्हवर मिंट टाकून ठेवलंय, डिस्कवर काही न घालता नुसतं पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं. रविवारी ती येणार आहे फॉर्म घेऊन.