आमची वाटचाल : दह्याचा धंदा

विरजणातल्या जिवाणूंपासून एन्झाइम काढून विकतो म्हटलं, की नातेवाईक आजही विचारतात, "म्हणजे दह्याचाच धंदा ना?" एका अर्थी हो. स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस हा आमचा कामगार आणि बीटा-गॅलॅक्टोसिडेज, म्हणजे दुधातली साखर (लॅक्टोज) फोडणारं एन्झाइम, हा त्याचा माल.

सुरुवातीला जुना सोनिकेटर (ध्वनिलहरींनी पेशी फोडणारं यंत्र) होता, उधारीचं सेंट्रिफ्यूज होतं आणि भागीदार म्हणून मामा. माल पेशीच्या आत, म्हणजे पेशी फोडायलाच हवी. मामा सोनिकेटरची दांडी बर्फातल्या भांड्यात बुडवून तीस सेकंद चालवायचे आणि एक मिनिट गप्प बसायचे. घाई केली की एन्झाइम शिजतं. टायटॅनियमच्या टोकाला खड्डे पडेपर्यंत ते वापरलं. आता माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे. पुढे एन्झाइम साक्याला बसवायला अमोनियम सल्फेट चिमटीचिमटीने, ते मीठ धुऊन काढायला पिशवीतलं डायलिसिस, मग प्रथिनं विद्युतभारानुसार वेगळी करणारा डीईएई कॉलम.

2017 मध्ये बुडालो होतो. कुणीतरी सांगितलं, बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) धातू पकडून ठेवणारं ईडीटीए घाला, प्रोटीएज, म्हणजे प्रथिनं तोडणारी एन्झाइमं, आटोक्यात राहतात, दूध कडवट होत नाही. घातलं. आम्ही शहाण्यांनी चाचणी डायलिसिसच्या आधी घेतली आणि माल तीन डेऱ्यांना पाठवून दिला. तक्रारी आल्यावर उरलेल्या नमुन्यात ओएनपीजी घातलं. हे चाचणीचं रसायन, एन्झाइमने फोडलं की पिवळं होतं. एरवी हळदीसारखा पिवळा होणारा द्रव पाण्यासारखाच राहिला. पिवळेपणा मोजणाऱ्या यंत्रात, 420 नॅनोमीटरवर, आकडा हलेना. ईडीटीएने मॅग्नेशियम पकडून ठेवलं होतं आणि ह्या एन्झाइमला ते लागतंच. मॅग्नेशियम क्लोराइड घातल्यावर थोडा जीव परत आला, सगळा नाही. मामा त्या रात्री एक शब्द बोलले नाहीत.

शेजारच्या वसाहतीतल्या एका स्पर्धकाने मात्र गावभर सांगितलं, "यांचं एन्झाइम मेलेलं असतं." दोन डेऱ्या गेल्या. त्याच्या लेबलवरचे युनिट (एन्झाइमच्या ताकदीचं माप) आमच्या दुप्पट! खोटे नव्हते, पण ओएनपीजीवर, 50 अंशाला मोजलेले. दूध म्हणजे ओएनपीजी नव्हे. दुधात खरं लॅक्टोज असतं आणि ते फुटून निघालेलं गॅलॅक्टोजच पुढे एन्झाइमच्या आड येतं. म्हणून विकत घेणाऱ्यांनो, युनिट कशावर, किती अंशाला, कोणत्या पीएचला मोजले ते आधी विचारा. आणि कॉलम चालवणाऱ्या पोरांनो, प्रत्येक पायरीला तक्ता भरा. एकूण युनिट घटणारच, पण मिलीग्रॅममागचे युनिटही घटले तर बफरकडे बघा.

आइस्क्रीमवाले काका राहिले. त्यांचं परीक्षण जिभेचं : लॅक्टोजचे खडे झाले की जिभेला वाळूसारखं लागतं. त्या वर्षी त्यांनी आगाऊ पैसे दिले आणि म्हणाले, "पुढच्या वेळी माल निघायच्या आधी तपास."

गेल्या महिन्यात काकांनी त्या स्पर्धकाचा नमुना आणि आमचा, लेबलावरच्या मात्रेने, एकाच दुधाच्या दोन भांड्यांत घातला, 40 अंशाला चार तास ठेवला आणि क्रायोस्कोपवर गोठणबिंदू पाहिला. लॅक्टोज जितकं जास्त फुटतं, तितका तो खाली जातो. आमच्या भांड्याचा जास्त खाली गेला होता. आकडा मला व्हॉट्सअॅपवर पाठवला. त्यालाही पाठवला का, ते मी विचारलं नाही. मी मात्र तो छापून मामांच्या फोटोशेजारी लावलाय.