वीस खाचा, हातानं

"मशीनवर का नाही करून घेत?"

गिटारच्या मानेवरच्या पट्टीवर फ्रेट, म्हणजे धातूचे आडवे पडदे, बसवायच्या खाचा मी हातकरवतीनं कापतो, हे कळलं की पुढचा प्रश्न हाच. माझं उत्तर समोरचा माणूस बघून बदलतं. पाहुण्यांना सांगतो, छंद आहे. वाजवणाऱ्या पोरांना सांगतो, हाताची सर मशीनला नाही. बायकोला सांगतो, मशीनवाल्याला पैसे द्यावे लागतात. तिला माझ्या करवतींच्या किमती ठाऊक आहेत, त्यामुळे ती नुसती बघते. तीनही उत्तरं खोटी आहेत. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून आता एकदाच बसून लिहितो.

आधी कबुली. मशीन माझ्यापेक्षा चांगलं कापतं. कुपवाडच्या एमआयडीसीत माझा एक शाळेतला दोस्त आहे, त्याच्याकडे सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं कापायचं मशीन आहे. तो म्हणतो, "आकडे दे, चहा होईस्तोवर पट्टी देतो." आकडे काही गुपित नाहीत. तारेची लांबी 648 मिलिमीटर धरली तर तिला 17.817 नं भागायचं, पहिला फ्रेट 36.37 वर येतो. उरलेल्या लांबीला पुन्हा तेवढ्यानंच भागायचं, दुसरा 70.70 वर. असं करत करत बारावा बरोबर निम्म्यावर, 324 वर. मशीनला हे सगळं शंभराव्या भागापर्यंत कळतं. मला पोलादी पट्टीवर अर्धा मिलिमीटर दिसतो, तोही चष्मा लावून. उरलेलं अंदाजानं आणि बोटाच्या टोकानं.

आता कुणी म्हणेल, पूर्वीचे लोक कुठे एवढं बघत होते? बरोबर आहे. दुर्बीणवाल्या गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली यांनी 1581 साली छापलेल्या ग्रंथात ल्यूट या जुन्या तंतुवाद्याच्या पडद्यांसाठी 18 ला 17 हे प्रमाण सांगितलं. म्हणजे दर वेळी उरलेल्या तारेचा अठरावा भाग सोडायचा. पुढे कितीतरी कारागिरांनी हाच हिशेब वापरला. माझ्या 648 च्या तारेवर तो लावला तर बारावा फ्रेट 321.6 वर येतो, निम्म्याच्या जवळजवळ अडीच मिलिमीटर अलीकडे. दाबल्यावर तार ताणली जाते आणि सूर थोडा चढतो, त्यामुळे त्यातली काही तूट भरूनही निघते. हा दाखला मी चारचौघांत अनेकदा दिला आहे. माझ्या चुकांना चारशे वर्षांचा आधार मिळतो म्हणून देत होतो, हे आता समजतं.

शेजारच्या मिरजेत सतारी करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिरांना मी माझी पहिली पट्टी दाखवायला नेली होती. त्यांनी ती उन्हात धरली, बोट फिरवलं आणि विचारलं, "सूर हलला तर पडदा कुठं सरकवायचा?" सतारीचा पडदा दोऱ्यानं बांधलेला असतो. राग बदलला की वादक तो सरकवतो, कानाला पटेल तिथे आणतो. म्हटलं, "हा सरकत नाही. खाचेत ठोकून बसवलेला असतो." त्यांनी पट्टी परत दिली. "मग हे वाद्य कुठलं? ही मोजपट्टी झाली की!" त्या दिवशी मला राग आला होता. घरी आल्यावर बायकोला म्हणालोसुद्धा, यांना गिटारमधलं काय कळतंय. पण सगळं दुखणं त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं. आमच्याकडे कान नंतर येतो. आधी मोजायचं, कापायचं, आणि एकदा कापलं की कापलं.

आता भाचीच्या गिटारबद्दल. हे मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही, बहिणीलाही नाही.

भाची कॉलेजात गिटार वाजवायची. कान तिचा लहानपणापासून तयार, पेटीवरची सुरावट ऐकून गाणारी पोर. तिच्या अठराव्या वाढदिवसाला मी तिला स्वतः केलेली गिटार द्यायचं ठरवलं. ती माझी तिसरी. पहिल्या दोन बऱ्या झाल्या होत्या, त्यामुळे डोक्यात हवा होती. पट्टीसाठी शिसवीचा तुकडा निवडला, जांभळट, सरळ रेषांचा. रंधा मारताना पडवीभर तो गोडसर वास सुटला होता. आणि इथेच मी घाई केली. पट्टी अजून चौकोनी असताना खाचा कापायच्या, मग तिला निमुळती करायची, हा क्रम आहे. मी उलटं केलं. वरच्या टोकाला 43 मिलिमीटर, बाराव्याजवळ 56, असा सुंदर निमुळता आकार आधीच देऊन टाकला, कारण तो आकार आला की लाकूड एकदम गिटारसारखं दिसायला लागतं आणि बघणाऱ्यांना दाखवता येतं.

खुणा मधल्या रेषेवर केल्या, त्या अचूक होत्या. मग प्रत्येक खुणेवर काटकोन आखायचा गुण्या लावून सुरीनं आडवी रेघ ओढायची. गुण्या कडेला टेकवावा लागतो. आणि कड तर तिरकी होती, सव्वा अंशाला थोडी कमी. तेवढा तिरकेपणा डोळ्याला दिसत नाही. दिसला असता तरी मी म्हटलं असतं, चालतंय. पहिल्या सात खाचा डाव्या कडेवर गुण्या टेकवून कापल्या. मग दुपार झाली, पडवीतलं ऊन दुसऱ्या बाजूनं यायला लागलं, माझ्या हाताची सावली रेघेवर पडायला लागली. म्हणून मी उजेडाच्या सोयीनं गुण्या उजव्या कडेला लावला आणि आठव्यापासून पुढच्या सगळ्या तिकडून कापल्या. म्हणजे पहिल्या सात एका बाजूला कललेल्या, उरलेल्या तेरा दुसऱ्या बाजूला. मध्ये कॅलिपर, म्हणजे बारीक अंतर मोजायचं माप, लावला की प्रत्येक आकडा बरोबर. मी फक्त मध्येच मोजत होतो.

गिटार दिली. तिनं वाजवली, मिठी मारली, "मामा, भारी झालीय" म्हणाली. सगळ्यांनी फोटो काढले. बहिणीच्या डोळ्यांत पाणी. मी त्या दिवशी जेवताना भाषणच दिलं, मशीनला जीव नसतो वगैरे. ते भाषण कुणीतरी मोबाइलवर टिपलंय, ते आजही आमच्या घरच्या ग्रुपवर कुठेतरी असेल. मला ते ऐकवू नका.

दोन-अडीच महिन्यांनी तिच्याकडे गेलो तर माझी गिटार पिशवीत होती आणि ती तिची जुनी, बाजारातून घेतलेली वाजवत होती. मी काही विचारलं नाही. तीच म्हणाली, "तार गंजलीय मामा, बदलायची आहे." मी म्हटलं, आण, मी बदलतो. तारा काढल्या आणि पट्टी खिडकीतल्या उन्हात तिरकी धरली. नुसत्या पट्टीवर वीस फ्रेट चमकत होते. सातवा आणि आठवा समांतर नव्हते. लहान मूल पहिल्यांदा उभं राहताना पाय फाकवतं तसे ते दिसत होते. खिशातला कॅलिपर काढला. मध्ये अंतर 24.3, हवं तेवढंच. एका कडेला 23.3, दुसऱ्या कडेला 25.3. दोन मिलिमीटर! दाराशी ती उभी होती. म्हणाली, "सातव्यावर बार धरला, सगळ्या तारा एका बोटानं दाबल्या, की कसंतरी आंबट लागतं. आठव्यावर पण, पण वेगळं. मला वाटलं माझाच हात चुकतोय."

माझाच हात चुकतोय. दोन-अडीच महिने ती पोर स्वतःच्या बोटांना दोष देत होती, कारण मामानं हातानं केलेली वस्तू चुकीची असेल हे तिच्या मनातच आलं नव्हतं. किंवा आलं असेल आणि तिनं मला सांगितलं नसेल. यातलं कुठलं वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

गिटार घरी आणली. सोल्डरिंग आयर्ननं फ्रेट तापवून एकेक उपटला, तरी शिसवीचे टवके निघालेच. जुन्या खाचा भुसा आणि सुपरग्लूनं बुजवल्या आणि शेजारी नव्या कापायला गेलो. अर्ध्या मिलिमीटरवर जुनी खाच असताना करवत नव्या रेघेवर टिकत नाही, घसरून जुन्या वाटेलाच लागते. तीन रविवार हे केलं. शेवटी पट्टीवर इस्त्री ठेवली, फेव्हिकॉल मऊ झाल्यावर पातळ पात्यानं अख्खी पट्टी सोडवली. ती आजही माझ्या कामाच्या टेबलासमोर खिळ्याला टांगलेली आहे. आल्यागेल्याला ती शोभेची वाटते.

आता बचावाचं बोलतो, तेवढा हक्क आहे. तो दोष आकड्यात किती होता? अर्ध्या सुराचे शंभर सेंट धरले तर बाराव्याला पहिल्या आणि सहाव्या तारेत मिळून पाचेक सेंट. वाजवणाऱ्यानं तार जरा जोरात दाबली तरी तेवढा फरक पडतो. शिवाय फ्रेट अगदी गणितात बसवले तरी गिटार कुठे शुद्ध असते? समान अंतरांच्या या सप्तकात शुद्ध गंधार जवळपास 14 सेंट चढाच असतो. ते 14 सगळं जग मुकाट्यानं ऐकतं आणि माझे पाच तेवढे दिसतात! हा युक्तिवाद मी स्वतःशी बऱ्याच रात्री केला. तो चुकीचा नाही. पण ते 14 सेंट प्रत्येक फ्रेटवर सारखे असतात, कान त्यांना सरावतो. माझे पाच सातव्यावर एका दिशेला होते आणि आठव्यावर उलट्या. त्याला सराव कसला होणार?

तर आता मी कसं कापतो ते सांगतो, म्हणजे निदान हा माणूस सुधारला नाही असं कुणी म्हणणार नाही. पट्टी चौकोनीच ठेवतो, दोन्ही कडा समांतर रंधून. मीटरभराची पोलादी पट्टी क्लॅम्पनं अडकवतो आणि शेवटची खूण होईपर्यंत हलवत नाही. प्रत्येक माप शून्यापासून. एका फ्रेटपासून पुढचा मोजत गेलं आणि दर वेळी वीस शतांश मिलिमीटर चुकलं, तर बाराव्यापर्यंत 2.4 जमा होतात. पेन्सिल नाही, सुरी, कारण पेन्सिलची रेघच करवतीएवढी जाड. छापील कागद चिकटवून कापायचं तर मी कधीच सोडलं. ओला गोंद लागला की कागद फुगतो, आणि आमच्याकडच्या जुलैत तर गोंद नसतानाही. लाकडाचं तसं नाही. ते पावसात रुंदीला फुगतं, लांबीला जवळजवळ नाहीच. त्यामुळे खाचा कापायला पावसाची सबब चालत नाही.

सुरीच्या रेघेवर सागवानी ठोकळा टेकवतो. त्यात दोन चुंबकं बसवली आहेत, ती करवतीचं पातं उभं धरून ठेवतात. करवत नवीन होती तेव्हा 0.7 ची खाच पाडायची, फ्रेट तीत ढिला बसायचा. दातांच्या दोन्ही बाजू तेलाच्या दगडावर हलक्या हातानं घासून ती 0.6 च्या आत आणली. पहिले दोन-तीन हात उलटे, नुसते ओढायचे, दाबायचं नाही. रेघेत पातं बसलं की आवाज बदलतो. आधी खरखर असते, मग एकसारखी सूं येते. त्या आवाजासाठीच मी हे करतो की काय, अशी शंका मला आहे. तीन मिलिमीटर झाले की पात्याला लावलेली लाकडी पट्टी टेकते आणि करवत आपोआप थांबते. एक गंमत सांगतो. करवत नेहमी रेघेच्या खालच्याच बाजूनं चालवली तर सगळ्याच खाचा सारख्या सरकतात, आणि तेवढंच वरचं टोक घासलं की हिशेब जुळतो. एकसारखी चूक भागते. कधी इकडे, कधी तिकडे झाली की भागत नाही.

इतकं करूनही माझी पट्टी मशीनच्या पट्टीएवढी नेमकी होत नाही. मग हातानं का? कारण मशीनवर कापून घेतली तर ती टांगलेली पट्टी तशीच राहील, असं वाटतं. हे उत्तर मला पुरतं पटत नाही. माझ्यासाठी भाचीनं आंबट वाजवायचं का, असं तुम्ही म्हणाल. तीही म्हणू शकते. म्हणत नाही.

गेल्या महिन्यात दोस्तानं न विचारताच एक पट्टी कापून पाठवली. शिसवीचीच, 648 ची. मी ती दोन्ही कडांवरून मोजली, चूक सापडावी म्हणून. सापडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात पुन्हा मोजली. तिच्या शेजारी फळीवर मी कापलेली नवी आहे. तीही दोन्ही कडांवरून मोजली आहे. दोन ठिकाणी दहा-पंधरा शतांश मिलिमीटर इकडेतिकडे.

गिटारची मान तयार आहे, पट्टीवाचून अडलीय. परवा भाचीला फोन करून विचारलं, कुठली बसवू?

"सुरात वाजेल ती," म्हणाली.

दोन्ही अजून फळीवरच आहेत.