तुम्ही विचारलंत म्हणून: अजून तोच गेम का?

बायको विचारते, ऑफिसातले विचारतात, भाचा तर दर दिवाळीला विचारतो, आणि परवा लॅपटॉपची बॅटरी बदलायला दिली तर दुकानातल्या पोरानं पण विचारलं, सर हे काय, 1996 चा गेम, अजून खेळता? हो, खेळतो. मास्टर ऑफ ओरायन 2, ताऱ्यांमध्ये साम्राज्य उभं करायचा, आळीपाळीनं चाली करायचा गेम. डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुने डॉसचे गेम चालवायच्या प्रोग्रॅममध्ये चालतो, आवाजासकट नीट चालतो. वय एक्केचाळीस, घरात दोन पोरं, आणि आठवड्यातनं दोन रात्री मी तारे मोजत बसतो. आता एकदाच सगळं लिहून टाकतो, पुन्हा कुणी विचारलं तर हेच वाचायला देणार.

आतापर्यंत मी जे उत्तर देत आलोय ते आधी सांगतो, कारण ते खोटं नाहीये. मी म्हणतो की असा गेम पुन्हा झाला नाही. सिमटेक्स नावाच्या छोट्या कंपनीनं केला, मायक्रोप्रोजनं काढला, आणि वर्षभरात सिमटेक्स बंद पण पडली. पुढं 2003 ला तिसरा भाग आला, 2016 ला नवीन रूपात पहिल्यापासनं केला, दोन्ही मी घेतले, दोन्ही सोडले. याच्यात जी गोष्ट आहे ती मला दुसरीकडं सापडली नाही, ती म्हणजे निवड. संशोधनात एका पायरीवर तीन गोष्टी समोर येतात आणि तुम्ही खेळायला घेतलेली जात, म्हणजे माणसं किंवा कुठले परग्रहवासी, क्रिएटिव्ह गुणाची नसेल तर एकच मिळते. ऑटोमेटेड फॅक्टरी घेतली की मिसाइल बेस गेला, हेवी आर्मर पण गेलं. नंतर कुणाकडनं अदलाबदलीत मिळवा, चोरा, नाहीतर जिंकून घ्या, पण स्वतःहून परत मिळत नाही. सायलॉन ही परग्रही जात घेतली की हा प्रश्नच नाही, त्यांना सगळंच मिळतं, म्हणून बरेच लोक सायलॉन घेतात. मी घेत नाही. मी माणसंच घेतो, ह्यूमन, आणि त्यावरनं पण मला ऐकून घ्यावं लागतं.

दुसरा एक प्रश्न बाहेरगावचे लोक विचारतात, पुण्याचे जास्त. तू बेळगावचा ना, सीमाभागातला, म्हणून तुला साम्राज्य आणि सीमा असले गेम आवडत असतील. याचा मला खरंच राग येतो. आमच्याकडं सगळ्या गोष्टीला सीमाप्रश्न चिकटवायचा, पोरगं रडलं तरी महाजन आयोग. माझा जन्म व्हायच्या आधी आयोग होऊन गेला, 2004 पासनं सुप्रीम कोर्टात दावा आहे, एक नोव्हेंबरला काळा दिवस लहानपणापासनं बघतोय, पण रात्री अकरा वाजता मी क्लॅकॉन नावाच्या परग्रही जातीच्या ग्रहावर हल्ला करतो तेव्हा माझ्या डोक्यात यातलं काही नसतं. म्हणजे नसतं असं मी म्हणतो. जिंकलेल्या ग्रहावरची माणसं आपली व्हायला किती टर्न लागतात हे तुमच्या राज्यपद्धतीवर ठरतं, लोकशाहीत लवकर, युनिफिकेशन नावाच्या पद्धतीत फार उशिरा, आणि तोपर्यंत तिथं कधीही बंड होऊ शकतं. ते बघताना कधीकधी वाटतं काहीतरी, नाही असं नाही. पण तुम्ही विचारता ती सीमा माझ्या कामाची नाही. माझी सीमा नऊ इंच विटेची आहे, शहापुरात, आमच्या जुन्या घराच्या अंगणात.

आमचं एकत्र घर होतं. बाबा आणि काका मिळून सुताचा धंदा बघायचे, शहापूर-वडगावच्या मागवाल्यांना सूत द्यायचं, उधारी वसूल करायची. 2000 ला दुकानाच्या पैशातनं घरात कॉम्प्युटर आला, हिशेबासाठी म्हणून. हिशेब काही त्याच्यात झाला नाही, वहीतच होत राहिला. सीडी दादा घेऊन आला, काकांचा मुलगा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. हा गेम दोघांनी समोरासमोर खेळायची सोय आहे, पण आम्ही तसं कधी खेळलो नाही. आम्ही दोघं मिळून एक साम्राज्य चालवायचो. माउस एक, खुर्च्या दोन. ग्रह माझ्याकडं, म्हणजे शेतकरी किती, कामगार किती, शास्त्रज्ञ किती, कुठल्या वस्तीत धान्य कमी पडतंय, मालवाहू जहाजं पुरतात का. लढाऊ जहाजं दादाकडं. "तू तुझे शेतकरी बघ, जहाजांना हात लावायचा नाही बघ," हे वाक्य मी हजार वेळा ऐकलं असेल, आणि मला ते आवडायचं, कारण त्याचा अर्थ शेतकऱ्यांना तो हात लावणार नाही.

जहाजांना तो गडांची नावं द्यायचा. नवीन जहाज बांधायला टाकायच्या आधी डिझाइनचं नाव बदलायचा, इंग्रजी अक्षरांत राजहंसगड, भीमगड, वल्लभगड, पारसगड, सामानगड, महिपाळगड. यातले काही इकडं कर्नाटकात, काही तिकडं महाराष्ट्रात, आणि हे माझ्या लक्षात आलं तेच मुळी पंधरा-वीस वर्षांनी. त्याला गड माहीत होते, कारण तो सायकलनं, बसनं जाऊन ते बघून यायचा. कुठला गड कुठल्या राज्यात हा विचार त्यानं केलाच नव्हता.

2001 चा पावसाळा. वर्षभर धंदा उतरत चाललेला, उधारी बुडालेली, आणि कुणी काय बोललं, कुणी ऐकलं, ते मला आजही नीट माहीत नाही, पण जुलैमध्ये चार माणसं बसवून वाटणी झाली. मी तेव्हा सेकंड पीयूसीला, म्हणजे बारावीला. मधल्या सोप्यात यादी लिहीत होते, तांब्याचा बंब इकडं, शिलाई मशीन तिकडं, स्कूटर इकडं. कॉम्प्युटर काकांच्या वाट्याला गेला. आजी आत देवघरात बसून होती, बाहेर आलीच नाही. दादा माझ्या शेजारी उभा होता, तो हळूच म्हणाला, "काय फरक पडतोय रे, ये की तिकडं, खेळू." आणि मला त्या वाक्यानं इतका राग आला. तिकडं. सकाळपर्यंत ते एकच घर होतं आणि याच्या तोंडात तिकडं आलं पण.

आमचा डाव त्यावेळी शेवटाला आलेला. ओरायन ताऱ्याची राखण करणारा गार्डियन आम्ही मारला होता, आणि तो मारला की अव्हेंजर नावाचं एक जहाज मिळतं, जे तुम्हाला बांधता येत नाही, एकदाच मिळतं. डायमेन्शनल पोर्टल बांधून झालं होतं. आता त्यातनं सगळं आरमार घेऊन अँटारन नावाच्या सगळ्यात बलाढ्य शत्रूच्या घरी, अँटारिसला जायचं आणि डाव जिंकायचा, एवढंच उरलेलं. दादानं सांगितलं होतं, अँटारिसला रविवारी जायचं, दोघं असताना.

शनिवारी रात्री कॉम्प्युटर अजून जुन्या जागीच होता, रविवारी हलवणार होते. बाहेर पाऊस, सगळे झोपलेले. मी बसलो. लोड केलं. फ्लीटच्या पानावर गेलो आणि एकेक जहाज स्क्रॅप केलं. राजहंसगड. भीमगड. मी घाईत नव्हतो, हे मला सांगायचंय, कारण इतकी वर्षं मी रागाच्या भरात झालं असं म्हणत आलो. चौदा जहाजं मी शांतपणे मोडली, शेवटी अव्हेंजर. मग टर्न दाबला. करंट कधी जाईल नेम नाही म्हणून आमचा सगळा जीव ऑटोसेव्हवर असायचा, दर टर्नला ते आपोआप लिहिलं जायचं. सेव्हच्या दहा जागा असतात, दहावी ऑटोसेव्हची. तिच्यावर बिनजहाजाचा डाव गेला. मग उरलेल्या नऊ जागांवर मी तोच डाव माझ्या हातानं सेव्ह केला. नऊ वेळा. आतून बाबांचा आवाज आला, "काय करालैस रे अजून, झोप की." झोपलो पण. झोप लागली.

सकाळी दादानं लावून बघितलं. बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "जहाजं कुठं गेली रे?"

मी म्हटलं, कमांड पॉइंट, म्हणजे किती जहाजं सांभाळता येतात ती मर्यादा, संपलेले. बॅटलशिपला 4 लागतात, टायटनला 5, मर्यादेच्या वर गेलं की दर पॉइंटामागं दर टर्नला 10 बीसी, म्हणजे गेममधले पैसे, जातात, तिजोरी खाली व्हायला लागलेली, म्हणून मोडली. आणि हे खरं होतं! आम्ही खरंच मर्यादेच्या वर होतो, मी महिनाभर त्याला सांगत होतो की जहाजं फार झाली, मर्यादा वाढवणारे स्टारबेस कमी आहेत. पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच सांगितलं, की माझा निर्णय कारभार म्हणून बरोबर होता, फक्त विचारायला पाहिजे होतं. पण मग दोन-तीन जहाजं मोडली असती. अव्हेंजर कशाला मोडलं? नऊ जागा कशाला पुसल्या? याला माझ्याकडं उत्तर नाही. सतरा वर्षांचा मी म्हणतो, त्यांनी कॉम्प्युटर नेला, मी जहाजं नेली, फिटंफाट. मी त्याला म्हणतो, दादानं काय नेलं होतं रे तुझं, तो तर ये म्हणत होता. यावर तो म्हणतो, तिकडं ये म्हणत होता. आणि तिथं मी गप्प होतो, कारण ते मला आजही टोचतं.

दादा चिडला नाही. माझ्याकडं बघितलं, मागची वायर काढली, मॉनिटर उचलला आणि गेला. पंधरा दिवसांत अंगणात भिंत उभी राहिली. भिंतीचं कारण मी नाही, ती येणारच होती, वाटणीच्या कागदावर लिहिलेली होती. पण मी तिकडं गेलो नाही आणि त्यानं पुन्हा बोलावलं नाही. लग्नकार्यात भेटतो, बोलतो, तब्येत, पाऊस, पोरांच्या परीक्षा. मागच्या वर्षी बाबा दवाखान्यात होते तेव्हा दोन रात्री तो बसला त्यांच्यापाशी. गेमचा विषय पंचवीस वर्षांत एकदाही निघाला नाही. माफी मागावी असं माझ्या मनात येतं, आणि मग वाटतं की एक्केचाळीस वर्षांच्या माणसानं जाऊन काय म्हणायचं, जहाजं मोडली त्याबद्दल? तो हसला तर? आणि हसला नाही तर?

तर मी का खेळतो. गेम चांगला आहे म्हणून, हे मी मागं घेत नाही, वर लिहिलंय ते सगळं खरं आहे. पण मी दरवेळी माणसंच घेतो, क्रिएटिव्ह घेत नाही, जहाजांना तीच नावं देतो, त्याच क्रमानं, राजहंसगडापासनं. कमांड पॉइंट संपले तर तिजोरी रिकामी होऊ देतो, जहाज मोडत नाही. अँटारिसला जाऊन डाव जिंकलोय किती वेळा, मोजले नाहीत. तो डाव हा नव्हे, हे मला दरवेळी कळतं.

गेल्या महिन्यात दादाचा मुलगा आमच्याकडं आला होता, मोबाईल चार्जर मागायला. स्क्रीनवर गेम चालू होता, उभा राहून बघत बसला, मग म्हणाला, "काका, बाबा पण खेळायचे म्हणे हे."

मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"बाबांनीच. म्हणाले, शेतकरी तुम्ही बघायचा."

मी म्हटलं, हो, आणि जहाजं तो. मग त्याला खुर्ची दिली.