तुम्ही विचारलंत म्हणून: ‘ग्रुप चालवून होतं काय?’

‘एवढं सगळं टाइप करून कुणाचं मत बदलतं का हो?’ हे मला इतक्यांनी विचारलंय की हल्ली प्रश्न पूर्ण व्हायच्या आतच माझा आवाज चढतो. तेव्हा एकदाच नीट सांगते.

मत बदलणं हे आमचं कामच नाही. सरकार कायद्याचा मसुदा हरकतींसाठी खुला करतं, तो आम्ही व्हॉट्सॲपवर कलमागणिक वाचतो. ज्यांना कायद्याची भाषा वाचायची सवय नाही त्यांनी ती वाचावी, शंका विचारावी, पटलं नाही तर हरकत लिहावी. लोकशिक्षण म्हणजे माझ्या लेखी एवढंच.

यावर विचारणारे लगेच इजिप्त काढतात, जिथे २०११ मध्ये लोकांनी रस्त्यावर उतरून सत्ता उलथवली. फेसबुकने क्रांती झाली म्हणणारेही २०११ चाच दाखला देतात, आणि पुढे २०१३ मध्ये लष्करच परत आलं ना, असं हिणवणारेही. दोघेही एक गोष्ट गाळतात. २८ जानेवारी २०११ ला सरकारने इंटरनेट जवळजवळ पूर्ण बंद केलं, तरी रस्त्यावरची गर्दी वाढलीच. गर्दी जमवणं वेगळं आणि माणसांना एकमेकांशी बोलतं ठेवणं वेगळं. मग आइसलँड येतं. तिथे २०११ मध्ये नव्या राज्यघटनेचा मसुदा लिहिता लिहिता इंटरनेटवर टाकला, लोकांच्या सूचना घेतल्या. २०१२ च्या सार्वमतात सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी तो आधार म्हणून मान्य केला. संसदेने काही तो मंजूर केला नाही. हे मला जणू ठाऊकच नाही अशा थाटात ऐकवतात! ठाऊक आहे. लोकांनी समजून घेतलं म्हणजे सत्ता ऐकते, असं मी कधीच म्हटलेलं नाही.

खरं तर असं काहीतरी मी पूर्वी म्हणायचे. ‘माहिती हातात आली की माणूस आपोआप बोलू लागतो’ हे माझं भाषणातलं ठरलेलं वाक्य होतं, त्यावर टाळ्याही पडायच्या.

भाडेकरूंविषयीचा एक मसुदा आम्ही वाचत होतो. ग्रुपमधल्या एक बाई घरी शिवणकाम करतात. बरेच महिने नुसत्या वाचत होत्या. एका रात्री त्यांनी व्हॉइस मेसेज टाकला, मागे मशीनचा आवाज. सुरुवातीला म्हणाल्या, ‘हा कायदा झालाच ना आता?’ मग स्वतःच थांबून, ‘नाही नाही, मसुदा आहे अजून.’ आणि पुढे: ‘घर खाली करायला लावण्याआधी योग्य मुदतीची नोटीस द्यावी असं लिहिलंय. योग्य म्हणजे किती दिवस? आणि ते ठरवणार कोण, मालक?’ ग्रुपमध्ये दोन वकील आहेत. दोघांनीही ते कलम वाचून सोडून दिलं होतं, आणि मीही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या मेसेजचं पहिलंच वाक्य कापून बाहेर फिरायला लागलं. खाली ओळ होती: ‘या बाई आता कायदे शिकवणार.’ फिरत फिरत ते त्यांच्या मुलाच्या मित्रांच्या ग्रुपवर पोचलं. संध्याकाळी त्या आमच्या ग्रुपमधून बाहेर पडल्या. मी फोन केला. रडल्या वगैरे नाहीत. म्हणाल्या, ‘ताई, प्रश्न मी कागदावर लिहून देत जाईन. तुम्ही विचारा. माझा आवाज नको.’

कुणी केलं ते कळलं नाही. काही दिवस प्रत्येक नावाकडे मी संशयाने बघत होते. त्या बाईंचा प्रश्न हरकतीत पहिल्या क्रमांकावर गेला, खाली नाव ग्रुपचं. हे यश आहे असं कार्यकर्ते मला समजावतात. मला अजून समजलेलं नाही.

तैवानमध्ये २०१५ साली उबरच्या नियमांवर लोकांची मतं घ्यायला पोलिस नावाची एक ऑनलाइन सोय वापरली (आपल्या खाकीवाल्यांशी संबंध नाही). तिथे कुणाच्याही विधानाला उत्तर देता येत नाही. सहमत, असहमत किंवा पुढे, एवढंच. मतांवरून गट पडतात आणि कुठली विधानं सगळ्याच गटांना पटतात ते समोर दिसतं. पूर्वी मी याला नाक मुरडायचे. उत्तरच देता येत नसेल तर तो संवाद कसला, मतमोजणी झाली! आता वाटतं, उत्तर द्यायची सोय काढली की टर उडवायची सोयही बऱ्यापैकी जाते. पण त्या बाईंचा प्रश्न तिथे मावला असता का? ‘योग्य म्हणजे किती’ याला सहमत की असहमत म्हणायचं? मावला नसता बहुतेक.

सध्या मी व्हॉइस मेसेज बंद केलेत. मसुद्यावरचे प्रश्न आधी माझ्याकडे येतात, मी नाव काढून ग्रुपवर टाकते. आमच्यातला एक जण याला सेन्सॉरशिप म्हणतो. त्याचं म्हणणं, नाव काढलंस की माणूस शिकतो पण उभा राहत नाही, आणि सगळ्यांच्या वतीने तूच बोलायला लागतेस. यातला दुसरा भाग मला झोंबतो, कारण तो खोडता येत नाही. पुढच्या बैठकीत तो हा नियम रद्द करायचा ठराव मांडणार आहे. मी विरोधात मत देणार आहे. त्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, ‘तुमचं तुम्ही ठरवा, मला फक्त त्या नोटिशीचं काय झालं ते कळवा.’